बाण लावलेली पांढरी गाडी

आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. बाबा कंपनीच्या गेटवरून आणायचे, विहारामागच्या वाचनालयात तर गठ्ठेच पडलेले असायचे. ‘जागरूक ग्राहक व्हा’, ‘ओव्हरटाइम हा उपकार नाही, हक्क आहे’ असलं सगळं मी शाळेच्या पुस्तकाआधी वाचलं. त्यामुळे मला दोन खोडी जडल्या. एक म्हणजे तावातावाने बोलायला लागले की प्रत्येक वाक्य ‘म्हणूनच’ने सुरू करायचं. दुसरी, कुठलाही छापील कागद हातात आला की तो कोणाच्या बाजूने बोलतोय हे आधी बघायचं.

आईच्या गाडीचं ब्रोशर घरात आलं तेव्हा तेही मी पत्रक म्हणूनच वाचलं. कागद जाड, गुळगुळीत, वासही चांगला. पहिल्या पानावर डोंगर, डोंगरावर लाल गाडी आणि गाडीजवळ एक कुटुंब आकाशाकडे बघून हसतंय. आमच्या पत्रकांत कोणी हसत नसे. पण खरा फरक शेवटच्या पानाच्या तळाशी होता. मुंगीएवढ्या अक्षरांत, एक चांदणी काढून लिहिलं होतं, की चित्रात दाखवलेल्या सगळ्या गोष्टी प्रत्येक मॉडेलमध्ये असतीलच असं नाही. मी आयुष्यात असं एकही पत्रक पाहिलं नाही, ज्यात ‘एकजुटीचा विजय असो’च्या पुढे चांदणी आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, की विजय फक्त वरच्या मॉडेलमध्ये उपलब्ध.

हे मी बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले, “तू आधी जेवून घे.”

गाडी आईला हवी होती. ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे. कासारवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावरून तिची बदली पार मोशीच्या आतल्या बाजूला झाली होती. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. दोन बस आणि एक शेअर रिक्षा, नाहीतर बाबांच्या मोटारसायकलवर मागे. बाबांची कंपनी चाकणला, रस्ता तोच. पण त्यांची फर्स्ट शिफ्ट सुरू होते तेव्हा दवाखान्याला कुलूप असतं. “पायरीवर बसून राहा की जरा, सकाळची हवा चांगली असते,” असं बाबा म्हणाले, आणि आईने दुसऱ्या दिवशी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

आई उंचीने कमी आहे. स्कूलच्या गाडीत बसली की तिला स्टिअरिंगच्या वर फक्त आकाश दिसायचं. म्हणून शिकवणाऱ्याने तिला उशी दिली. उशीवर बसून ती गाडी शिकली, परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं. पण जोरात ब्रेक मारला की उशी पुढे सरकायची आणि उशीबरोबर आईही. घरी येऊन ती म्हणायची, “गाडी थांबते गं, मी थांबत नाही.”

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हची गाडी आली आणि तिला सीटच्या बाजूला एक दांडा सापडला. तो उचलला की सीट वर येते. आई दांडा उचलत गेली, वर येत गेली आणि बॉनेट दिसायला लागलं तेव्हा “अगं बाई!” म्हणाली. तेवढ्यावर तिने गाडी पसंत केली. रंग, मायलेज, स्क्रीन, काही विचारलं नाही. बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारला. “ती सीट वर होते ना?” सेल्समधली मुलगी हसून म्हणाली, “मॅम, सगळं येतं.” मग बाबांनी मधलं मॉडेल बुक केलं, कारण त्यात स्क्रीन मोठी होती.

टेस्ट ड्राइव्हला नेहमी सगळ्यात वरचं मॉडेल देतात, हे ग्राहकांसाठीच्या कुठल्याही पत्रकात पहिल्या ओळीत हवं. मी वाचलेल्या एकाही पत्रकात ते नव्हतं.

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीतली माणसं गोळा केली तर एक अख्खी गाडी तयार होते, पण पूर्ण गाडी त्यांच्यातल्या कोणीच बनवलेली नाही. बाबा डॅशबोर्डचं प्लास्टिक करतात. शेजारचे काका दरवाजाची रबरं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गावाकडून आला तो थेट पेंट शॉपमध्ये शिरला आणि तिथेच आहे. अशा ठिकाणी कोणी गाडी घेतली की एक रिवाज आहे. पासिंग व्हायच्या आधी, गाडी यार्डात उभी असतानाच, सगळ्यांनी जाऊन तिला तपासायचं. आणि प्रत्येकाने फक्त आपला भाग तपासायचा. दुसऱ्याच्या भागावर सगळ्यांचा पूर्ण विश्वास असतो. स्वतःच्या भागावर कोणाचाच नसतो.

“शनिवारी संध्याकाळी माल कसा निघतो ते मला विचार,” बाबा म्हणायचे. “पेंटचं टेन्शन नाही. पेंट चांगलाच असतो.”

“चांगला?” मामा ओरडायचा. “दाजी, तुम्ही कधी आत येऊन बघितलात का? रबरं मात्र एक नंबर असतात.”

“कशाची एक नंबर, राव!” काका म्हणायचे. “आमी काय करतोय ते आमालाच म्हाईत हाय. डॅशबोर्ड तेवढा मजबूत.”

असा हा परस्परांवरचा गाढ विश्वास.

यार्ड मोशीच्या बाहेर होतं. शेताचं सपाटीकरण करून, भोवती पत्रे ठोकून केलेलं. आत गाड्याच गाड्या, आणि निम्म्याहून जास्त पांढऱ्या. सेल्सची मुलगी फोनवर कोणालातरी समजावत होती. तिने हाताने मधली रांग दाखवली, “सर, ती व्हाइट,” एवढं म्हणाली आणि पुन्हा फोनवर. आमची फौज मधल्या रांगेतल्या पहिल्या पांढऱ्या गाडीवर तुटून पडली.

मामाच्या खिशात लाल बाणांच्या स्टिकरची पट्टी असते. पेंट शॉपमध्ये दोष दिसला की तिथे बाण चिकटवायचा, मग पुढचा माणूस तो घासून काढतो. हा माणूस घरच्या फ्रिजलाही बाण लावतो. तो उकिडवा बसला, गाल गाडीला टेकवून एका डोळ्याने पत्र्यावरून बघायला लागला.

“शोरूमच्या दिव्यात म्हैस बी चमकती,” तो म्हणाला. “गाडी उन्हातच बघावी. ही बघ, संत्र्याची साल. रंग सपाट न्हाई बसला, सालीवानी खवल्या आल्यात.”

मला काही दिसेना. “कुठे?”

“दिसत न्हाई. पण हाय.” त्याने बाण लावला.

काकांनी माझ्या हातातलं पत्रक मागितलं. मी ते त्याच सकाळी छापून आणलं होतं. विषय होता ‘गाडी घेताय? आधी हे विचारा’, आणि यार्डात येणाऱ्या ग्राहकांना वाटायचा माझा बेत होता. काकांनी त्याची उभी पट्टी फाडली, दरवाजात धरली, दरवाजा लावला आणि पट्टी ओढून बघितली. पट्टी अडकली तर रबर घट्ट, सुटली तर ढिलं. अशा पट्ट्या फाडत ते चारी दरवाजांभोवती फिरले. माझी बरीचशी मतं त्या दिवशी रबरात गेली.

“हितं सुटतंय,” काका म्हणाले. मामाने बाण लावला.

बाबा आत शिरले होते. त्यांनी डॅशबोर्डवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं, डॉक्टर छाती तपासतो तसं. “डावीकडे पोकळ वाजतंय. सहा महिन्यांत खडखडणार.” बाण. “या कोपऱ्याला कड राहिलीय, बोट फिरवून बघ.” बाण.

या सगळ्यात आई ड्रायव्हरच्या सीटवर बसून होती. तिने खाली हात घातला, दांडा सापडला, ती वर आली. मग तिने काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. आरसा नव्हता. मी डावीकडची झडप उघडली, तिथे होता. माझं डोकं फिरलं.

“म्हणजे बाई डावीकडेच बसणार, हे यांनी कारखान्यातच ठरवून टाकलंय! म्हणूनच मी म्हणते—”

“गाडी चालवताना मी झडपेत काय बघू?” आई म्हणाली. “तू जरा बाजूला हो, कोपरा दिसत नाहीये.”

ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, बंद गाडीत, समोरच्या पत्र्याकडे बघत होती. चेहऱ्यावर असा आनंद, की बाबांनीही तिच्या बाजूचं प्लास्टिक तपासायचं सोडून दिलं.

तेवढ्यात सेल्सची मुलगी आली. तिच्यामागे पिंपळे सौदागरचे एक साहेब. गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र, हातात बुकिंगची पावती. मुलगी गाडीजवळ पोचली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

“सर! हे काय केलंत? ही तुमची गाडी नाहीये! ही सरांची आहे!”

गाडी गोवर झाल्यासारखी दिसत होती. बॉनेटवर बाण, दरवाजांवर बाण, आतही बाण. दरवाजाच्या फटीतून माझ्या पत्रकाची एक पट्टी लोंबत होती आणि तिच्यावर ‘सावधान’ एवढाच शब्द शिल्लक होता.

तीन जाणते पुरुष, संबंध आयुष्य गाड्यांत गेलेलं, आणि चाकांकडे कोणीच बघितलं नव्हतं. त्या गाडीला चकचकीत अलॉय व्हील होती. आमच्या मॉडेलला साधी, वर प्लास्टिकची टोपणं. पण गल्लीत चाकाच्या खात्यातलं कोणी नाही, म्हणून चाकं तपासायचं काम कोणाचंच नव्हतं.

“हे बाण कसले आहेत?” साहेबांनी शांतपणे विचारलं.

“दोष, साहेब,” मामा अभिमानाने म्हणाला.

आमची गाडी त्याच रांगेत मागे होती. आई उतरली, चालत तिकडे गेली आणि आत बसली. मी खिडकीशी उभी होते. तिचा हात सीटच्या बाजूला गेला, खाली गेला, पुढे गेला, मागे गेला. तिथे गुळगुळीत प्लास्टिक होतं, बाकी काही नाही. स्टिअरिंगच्या वर तिच्या कपाळाचा वरचा भाग तेवढा दिसत होता.

“दांडा कुठाय?” तिने विचारलं.

सेल्सची मुलगी धावत आली. “मॅम, ते फीचर वरच्या व्हेरियंटला असतं.”

“तुम्ही म्हणालात, सगळं येतं.”

“मॅम, म्हणजे या व्हेरियंटमध्ये जे येतं ते सगळं येतं.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. इतकं खोटं आणि तरीही इतकं बिनचूक वाक्य लिहायला मला कधी जमणार नाही. मी बोलायला तोंड उघडलं, पण बाबा मध्ये पडले.

“अगं, त्यात काय एवढं? उशी घेऊ ना. चांगली घेऊ, फोमची.”

आईचा हात अजून सीटच्या बाजूला चाचपडत होता.

“व्हय वहिनी, खालून चिकटपट्टी लावली की हालायची न्हाई,” काका म्हणाले.

“आणि स्क्रीन बघ ना केवढी मोठी आहे,” बाबा म्हणाले.

“स्क्रीनवर रस्ता दिसतो का?” आईने विचारलं. “पुढचा?”

वरचं मॉडेल कधी मिळेल म्हणून विचारलं तर सेल्सच्या मुलीने वेटिंग सांगितलं. तोवर आई पायरीवर बसून सकाळची हवा खाणार, हे सगळ्यांना एकदम कळलं. मला बाबांचा राग आला होता, कंपनीचा आला होता, उशी या वस्तूचा आला होता. माणसाने गाडीकडून मागायचं ते फार थोडं आहे. कबूल केलंय ते आत असावं, आत आहे ते चालावं, दरवाजा लागावा, पाऊस बाहेर राहावा आणि जो चालवणार आहे त्याला रस्ता दिसावा. बाकीच्या गोष्टी डोंगरावर हसणाऱ्या कुटुंबाला ठेवाव्यात. आमच्या घरातल्या हुशार माणसांनी फटी मोजल्या, पेंट हुंगला, प्लास्टिक ठोकलं, आणि ज्या बाईसाठी गाडी घेतली तिला बुक केलेल्या मॉडेलमध्ये बसवूनच बघितलं नाही.

तिकडे साहेबांचा आवाज चढला होता. “मला ही गाडी नकोय. बाण काढा किंवा ठेवा, मला दुसरी द्या. मी फुल रक्कम देतोय, मला डिफेक्टिव्ह पीस नको.”

“सर, हे बाहेरचे लोक आहेत, हे काही—”

“बाहेरचे?” मामाला ते लागलं. “बाई, आम्ही आतलेच आहोत.”

आई गाडीतून उतरली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मग सेल्सच्या मुलीला म्हणाली, “त्यांना नको असेल तर ती मला द्या.”

बाबांनी कपाळाला हात लावला. “अगं, तिला अंगभर बाण आहेत!”

“म्हणूनच,” आई म्हणाली. हा शब्द तिने माझ्याकडून उचलला असावा. “तिच्यात काय काय वाईट आहे ते मला सगळं समजलंय. दुसरी आणली तर तुम्ही तिघं पुन्हा पहिल्यापासून सुरू कराल.”

“ताई, पण संत्र्याची साल—”

“तुला दिसते?”

“दिसत न्हाई, पण—”

“मग असू दे.”

आणि इथेच घोळ झाला. दुसऱ्याला गाडी हवी आहे म्हटल्यावर साहेब थबकले. त्यांनी गाडीकडे नव्या नजरेने पाहिलं. “एक मिनिट. म्हणजे तसं फार काही मोठं नाही ना यात? तुम्ही लोक घ्यायला तयार आहात म्हणजे...”

आईने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलत नाही. त्या दिवशी त्याची गरजही नव्हती. मी फक्त साहेबांना म्हणाले, “सर, ग्राहकाला संपूर्ण माहिती मिळण्याचा हक्क आहे. तो तुम्ही बजावा.” आणि मी त्यांना आमच्या तीन तज्ज्ञांच्या ताब्यात दिलं.

मामाने त्यांना उन्हात उकिडवं बसवलं आणि गाल पत्र्याला टेकवायला लावला. काकांनी उरलेल्या पत्रकातली पट्टी त्यांच्या हातात देऊन दरवाजा लावायला सांगितलं, “ओढा. ओढा की साहेब, जोर लावा.” बाबांनी त्यांच्या कानाशी टकटक करून विचारलं, “आला का आवाज? हा आत्ता नाही, पण पावसाळ्यानंतर तुम्हाला हाच ऐकू येणार. एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकू येत नाही.” तिघेही मनापासून सांगत होते. एक शब्दही वाढवला नाही. आपल्या कामातलं एवढं लक्ष देऊन ऐकणारा सुशिक्षित माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

साहेब उठले तेव्हा त्यांच्या गालावर धूळ होती. “मी ब्रँडच बदलतो,” ते म्हणाले.

“कोणताही घ्या,” काका प्रेमाने म्हणाले. “रबर आमचंच असतंय.”

सेल्सच्या मुलीने तिथल्या तिथे वर फोन लावला, कागदावरचे नंबर बदलले. जास्तीची रक्कम भरायची म्हणून बाबांनी मॅट, कोटिंग आणि स्टिअरिंगचं चामडी कव्हर या सगळ्यावर फुली मारली. मला विचाराल तर ती त्या दिवसातली सगळ्यात शहाणी फुली. जाताना ती मुलगी माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, आता भांडणार. ती म्हणाली, “तुमच्याकडे ते पत्रक अजून आहे का? अख्खं? मलाही स्वतःसाठी गाडी घ्यायचीय.” माझ्याकडे अख्खं एकच उरलं होतं. ते मी तिला दिलं.

पासिंग झालं आणि गाडी न्यायच्या दिवशी शोरूमच्या माणसाने नारळ आणि लिंबं आणली. आमच्याकडे ते करत नाहीत, असं आईने सांगितलं. तो बिचारा ओशाळला. “मग चाकाखाली काय ठेवू?” त्याने विचारलं. “रस्ता,” आई म्हणाली. लिंबं तिने पर्समध्ये टाकली आणि घरी गेल्यावर सगळ्यांना सरबत मिळालं. बाण मात्र तिने काढू दिले नाहीत. म्हणाली, पहिल्या सर्व्हिसिंगला त्यांनाच काढायला लावू. मग मामाने एकेक बाण कौतुकाने दाबून पक्का केला.

पहिल्या तारखेला आई निघाली. बाबा शिफ्टला गेलेले, म्हणून सोबत मी, डाव्या सीटवर. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. नाशिक फाट्याच्या पुलाच्या चढावर पुढची बस थांबली, आई थांबली, आणि पुन्हा निघताना गाडी बंद पडली. मागे टेम्पो, टेम्पोमागे कंपनीची बस, त्यांच्यामागे सगळी कासारवाडी असल्यासारखा हॉर्नचा कल्लोळ. आईने किल्ली फिरवली, गाडी घुरघुरली, एक हिसका, पुन्हा बंद.

बाजूने एक मोटारसायकलवाला वाकून बघत म्हणाला, “काकू, जमत नसंल तर उतरा की!”

मी काच खाली केली. माझ्याकडे त्याच्यासाठी वाहतूक, स्त्रिया आणि सार्वजनिक रस्ते या विषयावर बरंच काही तयार होतं.

“काच वर कर,” आई म्हणाली.

“अगं, पण तो—”

“वाजवू दे त्यांना. मला पुढचं सगळं दिसतंय.”

तिने हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, क्लच सोडता सोडता ॲक्सिलरेटर दिला, आणि गाडी एक इंचही मागे न येता चढावर सरकली. पुलाच्या वर आल्यावर तिने दुसरा गिअर टाकला. मोशीपर्यंत ती त्याच बसच्या मागे राहिली. ओव्हरटेक कर म्हणून मी एकदा सुचवलं. तिने नुसती मान हलवली, आणि दवाखान्याच्या फाटकात डावीकडचं इंडिकेटर देऊन वळताना वाटेत आलेल्या वॉचमनला खणखणीत हॉर्न दिला.